देवाच्या जमिनीचा कज्जा आणि पंचांचा निवाडा

चर्चच्या मालमत्तेवरचा पहिला गाजलेला निवाडा दिला तो ज्याला त्या धर्माशी काहीच कर्तव्य नव्हते अशा सम्राटाने. अंतिओकचा बिशप पॉल (सामोसाताचा) याला 268 साली धर्मसभेने पदावरून दूर केले, पण चर्चची इमारत सोडायला तो तयार होईना. 272 च्या सुमारास रोमन सम्राट ऑरेलियनने पाल्मिराची राणी झेनोबिया हिचा पराभव करून अंतिओक ताब्यात घेतल्यावर हा कज्जा त्याच्यापुढे आला. खरा ख्रिस्ती कोण, या भानगडीत तो पडला नाही. इटलीतले आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, त्यांच्या ताब्यात इमारत द्यावी, एवढेच त्याने सांगितले. म्हणजे राज्यसत्तेने मूळ प्रश्न दोन्ही बाजूंपासून दूर असलेल्या, पण त्यांच्या व्यवहाराची माहिती असलेल्या तिसऱ्यावर सोपवला आणि आपल्याकडे अंमलबजावणी तेवढी ठेवली. पुढे बायझंटाइन साम्राज्याच्या हजारेक वर्षांत चर्च आणि मठ यांच्या जमिनींवरून असंख्य तंटे झाले. त्यांतले बरेच न्यायालयाच्या हुकमाने मिटले नाहीत, ते लवादाने, मध्यस्थीने किंवा त्याच्याशी मिळत्याजुळत्या रीतीने मिटले. असे का झाले, याचे नेहमीचे उत्तर तयार असते: सरकारी न्यायालये महाग, दूर आणि संथ होती. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. खर्च आणि विलंब सामान्य शेतकऱ्यालाही छळत होते. चर्चच्या मालमत्तेला मात्र एक वेगळी अडचण होती, आणि लवाद तिथे का रुजला हे त्या अडचणीतून कळते.

ती अडचण कायद्यानेच निर्माण केलेली होती. सम्राट जस्टिनियनने 535 साली काढलेल्या, त्याच्या ‘नव्या कायद्यां’पैकी सातव्या कायद्याने चर्च, मठ आणि धर्मादाय संस्था यांची स्थावर मालमत्ता विकणे, दान देणे, बदलून घेणे किंवा गहाण टाकणे जवळजवळ बंद केले. राजवाड्याशी करायची अदलाबदल ही मोजक्या अपवादांपैकी एक होती. बंदी मोडणाऱ्या कारभाऱ्याला भरपाई करावी लागे, आणि असा दस्त लिहिणाऱ्या लेखनिकालाही हद्दपारीची तरतूद होती. 544 च्या एकशेविसाव्या कायद्याने काही सूट दिली, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची वाट अधिक मोकळी केली, पण मूळ तत्त्व कायम राहिले: देवाला दिलेले परत घेता येत नाही, आणि कारभारी हा मालक नव्हे, राखणदार. आता अशा कारभाऱ्याचा शेजाऱ्याशी शिवेवरून तंटा झाला तर त्याने काय करावे? तडजोड म्हणजे एका अर्थी हक्क सोडणे. पाच बिघ्यांवर दावा सांगून तीन घेतले, तर दोन बिघे दिले असाच त्याचा अर्थ होतो, आणि देण्याचा अधिकार तर त्याला नाही. न्यायालयात लढत राहावे तर खर्च आणि वैर. पूर्ण जिंकणे हाच कायदेशीर मार्ग असेल, तर शेजार टिकवणे अशक्य. माझे म्हणणे असे की लवादाने ही कोंडी फोडली, कारण त्याने देण्याची भाषाच टाळली. पंचांनी शीव ठरवली की कारभाऱ्याने काही दिले असे होत नाही. जे आधीपासून होते ते आता स्पष्ट झाले, एवढेच होते. ज्याला कायद्याने माघार घेता येत नव्हती, त्याला माघार घेऊन दोषमुक्त राहण्याची सोय निवाड्याने दिली. तो चालला तेव्हा मुख्यतः या बळावर चालला, आणि याच कारणाने मालकीचा निखळ प्रश्न आला की तो अडखळला.

यासाठी लवादाची घडण नीट पाहायला हवी. जस्टिनियनच्या डायजेस्टमध्ये, म्हणजे कायदेपंडितांच्या मतांच्या संग्रहात, चौथ्या खंडाचे आठवे प्रकरण याच विषयाला वाहिलेले आहे. दोन्ही पक्षांनी पंच नेमावा, निवाडा मानला नाही तर अमुक दंड देऊ असे एकमेकांना वचन द्यावे, आणि पंचाने काम स्वीकारले की त्याने ते पार पाडलेच पाहिजे. टाळाटाळ करणाऱ्या पंचाला न्यायाधिकारी भाग पाडू शकत असे. निवाड्यावर अपील नाही. निवाडा चुकीचा वाटला तरी त्यावर दुसरीकडे दाद नसे. कोणी तो मोडला तर त्याची किंमत म्हणजे कबूल केलेला दंड. पंचांच्या संख्येचाही विचार त्यात आहे: दोघे नेमले आणि मतभेद झाले तर अडते, तिघे असले तर बहुमताने सुटते. 530 मध्ये जस्टिनियनने आणखी एक पायरी घातली. दंड ठरलेला नसला तरी निवाड्यानंतर पक्षांनी लेखी मान्यता दिली, किंवा दहा दिवस कोणी हरकत घेतली नाही, तर तो बंधनकारक होई. 539 च्या ब्याऐंशीव्या कायद्याने मात्र शपथेवर चालणारा लवाद बंद केला. शपथ घेतलेले पक्ष नंतर अन्याय झाल्याचे वाटून ती मोडत आणि पापाचे धनी होत, हे त्यामागचे कारण. त्यापुढे आधार शपथेचा नाही, दंडाचा. दंड भरून निवाड्यातून बाहेर पडण्याची वाट उघडी ठेवणे हे दुबळेपण वाटते, पण चर्चच्या बाबतीत तेच उपयोगी होते. कारभाऱ्याला देवाची जमीन गमावण्याची भीती असे. दंड म्हणजे रोख रक्कम, जमीन नव्हे.

पंच म्हणून कोणाकडे जायचे, याचे उत्तर चौथ्या शतकापासून तयार होत होते. सम्राट कॉन्स्टंटाइनने 318 मध्ये पक्षांना आपला दावा बिशपकडे नेण्याची मुभा दिली. 333 च्या त्याच्याच एका फर्मानात तर एका पक्षाने मागणी केली तरी बिशपकडे प्रकरण जाईल अशी विलक्षण तरतूद आहे. ती टिकली नाही. 398 मध्ये सम्राट अर्केडियस आणि होनोरियस यांनी दोन्ही पक्षांची संमती आवश्यक केली आणि बिशपाला पंचाच्याच पंगतीत बसवले, आणि 408 चा कायदाही त्याच रेषेवर आहे. म्हणजे बिशपाचे कार्य न्यायाधीशाच्या वेशातल्या पंचाचे होते. 451 च्या खाल्सेदोन धर्मसभेने या चौकटीत तीन नियम घातले. नवव्या नियमाने धर्मगुरूंचे आपसातले वाद आधी बिशपापुढे, किंवा त्याच्या संमतीने दोघांनी निवडलेल्या माणसांपुढे न्यावेत असे ठरवले. सतराव्याने ग्रामीण चर्चांच्या बाबतीत तीस वर्षांचा निर्विवाद ताबा निर्णायक मानला, आणि तीस वर्षांच्या आतला वाद प्रांताच्या धर्मसभेकडे पाठवला. सव्विसाव्याने प्रत्येक चर्चला स्वतंत्र कारभारी नेमणे बंधनकारक केले, कारण बिशपाने एकट्याने तिजोरी सांभाळण्यात संशय शिरतो. हे तीन नियम एकत्र वाचले की त्यातला हिशोब दिसतो: कोण बोलणार, कोण ठरवणार आणि किती जुना वाद उकरता येणार. चर्चच्या भांडणांचा बंदोबस्त यांत आहे, आणि त्यात तिऱ्हाईत पंचांना जागा आधीच राखून ठेवलेली आहे.

काळाच्या मर्यादेचा मुद्दा इथे जास्त महत्त्वाचा आहे. 530 मध्ये जस्टिनियनने चर्च आणि धर्मादाय संस्थांना शंभर वर्षांची मुदत दिली, म्हणजे शतकभर जुना दावाही त्या लावू शकत होत्या. 535 मध्ये रोमच्या चर्चलाही ती सवलत मिळाली. पण लवकरच हे अव्यवहार्य ठरले. शंभर वर्षांपूर्वीचा साक्षीदार कोण आणणार, आणि शेजाऱ्याने बापजाद्यांच्या शेतीवर निर्धास्त झोपायचे कधी? 541 पासून मुदत चाळीस वर्षांवर आली. हा बदल तांत्रिक वाटला तरी यातून लवादाची गरज स्पष्ट होते. जमिनीचे जुने पुरावे कागदात असतात त्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत जास्त असतात. शीव कोणत्या ओढ्याजवळ वळते, अमुक झाड कोणी लावले, चराईला कोणाची गुरे जात होती, हे राजधानीतल्या न्यायाधीशाला कळण्याजोगे नसते. म्हणून बायझंटाइन दस्तऐवजांत शिवेची पाहणी हा कळीचा प्रसंग असतो: अधिकारी, दोन्ही पक्ष आणि वृद्ध साक्षीदार जागेवर जातात, क्रूस किंवा सुवार्तेचा ग्रंथ हाती घेऊन शपथपूर्वक सीमा चालून दाखवतात, आणि टप्प्याटप्प्याने खुणा लिहिल्या जातात. असा निवाडा न्यायालयात तयार होत नाही, तो शेतात तयार होतो. पंच हे गावचे किंवा परिसरातले असले की त्यांच्या अज्ञानाचा धोका कमी होतो, मात्र त्यांच्या पक्षपाताचा वाढतो. म्हणून दोन्ही बाजूंची संमती आणि दंड हे दोन्ही लागतात.

कायद्याची पुस्तके हे बोलतात खरे, पण प्रत्यक्षात काय होत होते हे कळण्यासाठी पेट्राच्या जळालेल्या कागदांइतका चांगला साक्षीदार सापडत नाही. जॉर्डनमधल्या पेट्रा इथे 1993 च्या डिसेंबरात एका बायझंटाइन चर्चला लागून असलेल्या खोलीत आगीत कोळसा झालेल्या पपायरसच्या सुमारे 140 गुंडाळ्या सापडल्या. फिनलंड आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी थर सुटे करून त्यांचे वाचन केले. सहाव्या शतकाच्या मध्यापासून शेवटापर्यंतचे हे दप्तर आहे, ज्यांच्या ताब्यात ते होते त्यांतला प्रमुख थिओडोरोस हा चर्चच्या सेवेतला डीकन, पुढे आर्चडीकन. यात 574 सालचा एक प्रदीर्घ निवाडा आहे. पेट्राच्या आग्नेयेला असलेल्या झादाकाथा या वस्तीत, म्हणजे आजच्या सदाका गावी, थिओडोरोस आणि स्टेफानोस यांच्यात मालमत्ता आणि पाण्याच्या हक्कांवरून चाललेला तंटा पंचांनी मिटवल्याचे तो सांगतो. ही चर्चची मालमत्ता नाही, चर्चमधल्या माणसाची आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. बिशपाने पदग्रहणानंतर चर्चच्या मिळकतीतून कमावलेले चर्चकडे जाते, पण डीकनच्या घरची वाडवडिलांची जमीन त्याची स्वतःची राहते. म्हणून थिओडोरोस त्या तंट्यात इतर जमीनमालकांसारखा मोकळेपणाने तडजोड करू शकत होता. त्याच दप्तरात ओबोदियानोस नावाच्या माणसाने आपल्या मरणानंतर मालमत्ता आरोनच्या मठाला आणि संत किरिकोसच्या इस्पितळाला मिळावी अशी व्यवस्था केल्याचा दस्तही आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चित्र पुरे होते: खाजगी हातातली जमीन लवादापुढे सहज वाकते, आणि मठाच्या पदरात पडल्यावर त्याच जमिनीची लवचिकता संपते. वाळवंटी प्रदेशात भांडणाचे खरे मूळ पाण्यात असते, आणि पाण्याला मालक नेमून देण्यापेक्षा पाळी नेमून देणे सोपे जाते, हेही या निवाड्याच्या विषयावरून लक्षात घ्यावे.

मठांच्या मालकीवरचे निवाडे सर्वांत चांगले जपले आहेत ते अॅथोस पर्वतावर, उत्तर ग्रीसच्या त्या समुद्रात घुसलेल्या भूशिरावर. दहाव्या शतकातले दोन प्रसंग एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे आहेत. कोलोबोस मठाने सम्राटाकडून असे फर्मान मिळवले होते की त्याच्या आधारे अख्ख्या डोंगरावर हक्क सांगता येई. 908 मध्ये अँड्र्यू नावाच्या साधूने राजधानीत जाऊन दाद मागितल्यावर सम्राट सहावा लिओ याने ते रद्द करून तिथल्या साधूंचे स्वातंत्र्य परत केले. हा सरळ राजहुकूम होता, हरणाऱ्याच्या संमतीची गरज त्याला पडली नाही. त्यानंतर 940 च्या दशकाच्या सुरुवातीला हिएरिसोसच्या गावकऱ्यांना शासनाने पडीक झालेली जमीन विकली. तीस वर्षे कर न भरलेली सोडलेली जमीन सरकारजमा करून विकण्याची रीत तेव्हा होती. खरेदीदारांनी हद्द पुढे सरकवली, साधूंनी तक्रार केली, आणि 942-43 मध्ये थेस्सालोनिकीचा लष्करी सुभेदार, आर्चबिशप आणि इतर अधिकाऱ्यांनी मिळून दोन्ही पक्षांसमोर तोडगा ठरवला आणि एका समुद्रकिनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत शीव आखली. पहिला हुकूम एका चुकीच्या फर्मानाला रद्द करण्यापुरता होता. दुसऱ्याने भूशिराच्या मानेवर एक रेषा उभी केली. जमीन कोणाची, या प्रश्नापेक्षा रेषा कुठली, हा प्रश्न पंचांना पेलला, कारण रेषा जागेवर दाखवता येते आणि मालकीसाठी मात्र मूळ दानपत्रापर्यंत मागे जावे लागते.

सर्वांत उद्बोधक प्रसंग 972 चा आहे. अथानासिओस या साधूने 963 मध्ये सम्राट नीकेफोरोस फोकास याच्या मदतीने लाव्रा हा मोठा मठ उभारला. डोंगरात एकट्यादुकट्याने राहणाऱ्या साधूंना त्याची बांधकामे, मळे, पाण्याची कामे आणि वाढती जनावरे रुचली नाहीत. आपण इथे अगोदर आलो आणि ही शांतता आपली आहे, असे त्यांचे म्हणणे. 969 च्या अखेरीस नीकेफोरोसचा खून झाला आणि नव्या सम्राटाकडे, जॉन त्झिमिस्केसकडे, त्यांनी गाऱ्हाणे नेले. त्याने स्वतः निर्णय न देता राजधानीच्या स्तुदिओस मठाचा प्रमुख युथिमिओस याला पाठवले. डोंगरावरच्या कारिएस इथे सर्वांना एकत्र बोलावून त्याने आठवडाभर दोन्ही बाजू ऐकल्या आणि नोंदवले की दोघांतही दोष सापडला नाही. हे वाक्य टाळाटाळीचे नाही, निवाड्याची ती पहिली अट आहे, कारण कोणी हरलेला नाही असे ठरल्यावर पुढचे ठरवता येते. मग कलमे आली: प्रोतोसने, म्हणजे डोंगराच्या प्रमुखाने, सभेला विचारल्याखेरीज काही करू नये, सभेला येताना कोणी किती सोबती आणावेत, बैलजोड्या कोणी ठेवू नयेत. लाव्राला मात्र एक जोडी मिळाली, कारण तिथे माणसे इतकी होती की पीठ मळण्याचे यंत्र चालवायला जनावर लागे. जनावरांचा प्रश्न इथे मालमत्तेचाच होता: चराई कोणाची, शेती किती वाढवायची, आणि एका मठाच्या श्रीमंतीने बाकीच्यांचे जिणे किती बदलायचे. बकऱ्याच्या कातड्यावर लिहिल्याने तो दस्त ‘त्रागोस’ म्हणून ओळखला जातो. त्यावर सम्राटाने जांभळ्या शाईत सही केली, आणि अथानासिओस व अनेक मठाधिपतींच्याही सह्या आहेत. लाव्राची जमीन कुठे, याचा निवाडा त्यात नाही. तिथे सर्वांनी राहायचे कसे, याचा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: हे निवाडे टिकले कुठे? 1045 मध्ये, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याला कोस्मास नावाचा साधू पाठवून त्याच तंट्यांवर नवी घटना करून घ्यावी लागली. तोवर लाव्राच्या बैलजोड्या वाढून त्या चारपर्यंत मंजूर करण्याची वेळ आली होती, वातोपेदी मठालाही एक जोडी मिळाली, आणि इटलीतल्या अमाल्फीच्या लोकांच्या मठाला मोठी होडी ठेवण्याची सवलत द्यावी लागली. पण या पुनरावृत्तीला मी निवाड्याचे अपयश मानत नाही. दुसऱ्या वेळी भांडण शून्यापासून सुरू झाले नाही. जुन्या मजकुरातले कोणते कलम मोडले आणि कोणते बदलायला हवे, एवढ्यावर ते आले. न्यायालयाचा निकाल एका दाव्यापुरता असतो. अशा दस्ताने लोकांच्या एकत्र राहण्याचा आराखडा दिला, आणि आराखड्यात दुरुस्त्या करता येतात. आजही अॅथोसच्या वीस मठांच्या प्रतिनिधींची सभा कारिएसमध्येच बसते.

दुसरा आक्षेप त्याहून अवघड आहे. लवादात संमती असते म्हणतात, पण सम्राटाने पाठवलेल्या माणसापुढे कोणाची नाही म्हणायची हिंमत होते? आणि बिशपच पंच असेल तर चर्च विरुद्ध शेतकरी या तंट्यात शेतकऱ्याची बाजू कोण राखणार? हे खरे आहे, आणि हे झाकून लवादाचे कौतुक करता येणार नाही. 1204 मध्ये क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर राजधानीची न्यायव्यवस्था विस्कटली. पश्चिमेकडे ओख्रिदचा आर्चबिशप देमेत्रिओस खोमातेनोस याच्या धर्मसभेपुढे लोक विवाह, वारसा आणि जमीन असे सर्वच वाद आणू लागले. त्याच्या सुमारे दीडशे निर्णयांचा संग्रह उपलब्ध आहे. तिथे रोमन कायद्याचे ज्ञान खोल आहे, पण न्याय देणारी संस्था आणि जमीनधारक संस्था एकाच छपराखाली आहेत, ही गोष्ट लपत नाही. स्मिर्नाजवळच्या लेम्बोस मठाच्या दस्तसंग्रहात तर तेराव्या शतकातल्या कितीतरी शिवेच्या आणि ऑलिव्हच्या झाडांच्या भांडणांची नोंद आहे, आणि बहुतेक मठाच्याच बाजूने जातात. त्याचे एक साधे कारण असे की संग्रह मठाने जपला. हरलेले कागद कोणी बाळगत नाही आणि गावकऱ्यांकडे दप्तरखाना नव्हता. म्हणून या साधनांवरून लवाद किती निष्पक्ष होता हे मोजता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की लेम्बोसला एकाच गावाशी पुन्हा पुन्हा निवाडे करावे लागले, आणि मठाची मनमानी सहज चालत असती तर त्याची गरज पडली नसती. चौदाव्या शतकात तर शासनाने दोन्ही संस्था सरळ जोडल्या: सम्राट तिसरा आंद्रोनिकोस याने 1329 मध्ये नेमलेल्या चार सर्वोच्च न्यायाधीशांत बिशपही होता.

तिसरा आक्षेप कायद्याचा: पंचांनी मठाचे दोन बिघे दुसऱ्याकडे गेल्याचे ठरवले आणि त्याला ‘हक्काचा खुलासा’ म्हटले, तर ती विक्रीबंदीची पळवाट नव्हे का? मला वाटते, होय, तशी ती असू शकते. पण ही वाट तीन गोष्टींनी आवळली होती. एक, तंटा खरा असायला हवा. दोन, निवाडा शेजाऱ्यांच्या साक्षीने आणि जागेवर व्हायचा, त्यामुळे कारभाऱ्याने आतून सौदा केला असता तर गावाला कळले असते. तीन, बिशपाची संमती लागायची, आणि धर्मसभेपुढे नंतरही हिशोब द्यावा लागायचा. बंदी पूर्ण कडक ठेवली असती तर एक तर कारभारी कायदा मोडत राहिले असते, नाहीतर शेजार युद्धभूमी झाला असता. बंदीमुळे जमीन वाचली आणि लवादामुळे तिच्या आसपासची माणसे वाचली, असे म्हणणे अतिशयोक्त नाही.

तर या सगळ्या पुराव्यावरून एक विवेक निघतो. मूळ दान कोणी कधी दिले, फर्मान खरे की बनावट, या प्रश्नांना पंच पुरे पडले नाहीत. तिथे 908 सारखा राजहुकूमच लागला, आणि तो देणाऱ्या सत्तेकडे फर्मान रद्द करण्याचा आणि अंमल करण्याचा अधिकार हवा होता. पाणी, वाट, चराई, शीव, बांधकाम, किती बैल आणि किती माणसे, या प्रश्नांना मात्र पंच न्यायालयापेक्षा चांगले पुरले, कारण तिथे उत्तर पूर्वीच्या कागदात नसून उद्याच्या वागण्यात असते. धार्मिक संस्थांच्या मालमत्तेचा कोणताही तंटा लवादाकडे न्यायचा असेल, तर आधी तो या दोन जातींपैकी कोणत्या जातीचा आहे ते वेगळे करावे, आणि राखणदाराला देता येत नसलेली गोष्ट त्याच्याकडून मागण्याऐवजी सर्वांनी वापरण्याची कलमे लिहून, दंड आणि फेरविचाराची मुदत ठरवून दस्त पुरा करावा. बायझंटाइन पंचांनी हे नेमके साधले असे नाही, पण जिथे साधले तिथे भांडण मिटले, आणि जिथे मालकीच्या शब्दापाशी थांबले तिथे पुढच्या पिढीला तेच पुन्हा करावे लागले.